वाऱ्याचा पंचनामा

नाना ओव्हरसियरांना चहाला बोलावणं म्हणजे आपल्या भिंतीची परीक्षा करून घेणं. खुर्चीवर टेकण्याआधी ते स्कूटरची किल्ली काढत, विटांमधला सांधा खरवडत आणि बोटावर आलेली भुकटी डोळ्यांजवळ नेत. एका लग्नात तर मांडवामागच्या भिंतीशीच सापडले. मुहूर्त टळला तरी अक्षता मुठीतच. "भीत बठ्ठं सांगी देस, बाई. इचारनारा पायजे," असं म्हणत; भिंत सगळं सांगते यावर त्यांचा भरवसा. मूळचे दोंडाईच्याचे, जळगावात नोकरीचा जन्म गेला, पण अहिराणी बोली सोडली नाही.

मी असोद्यापलीकडच्या एका खेड्यात शिक्षिका होते. शाळेला नव्या दोन खोल्या मिळून जेमतेम दोन वर्षं झाली होती. एका मे महिन्यात दुपारी वादळ आलं. केळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले आणि आमच्या दोन्ही खोल्या बसल्या. सुट्टी होती म्हणून. नाहीतर काय झालं असतं, ते वाक्य मी आजही पूर्ण करत नाही. शाळेला लागूनच शेवंताअक्कांचं मातीचं, धाब्याचं जुनं घर. त्याच्या कोनाड्यातली तसबीरही जागची हलली नव्हती.

पंचनाम्याला नाना आले. खेड्यात वारा मोजायचं यंत्र कुठलं असायला? काय पडलं, त्यावरून वारा किती मोठा ते कागदावर ठरायचं. पडक्या भिंतीत किल्ली घातली तर ओंजळभर रेती गळून आली, सिमेंट नावालाच. नाना अक्कांच्या घराकडे बघत राहिले. म्हणाले, "ही भीत वाराघाई नही, रेतीघाई पडनी. पापड मोडाले हातोडा लागत नही, बाई."

"मग तसंच लिहा, नाना," मी म्हटलं. "नाहीतर या खोल्या बांधणारा ठेकेदारच पुन्हा येईल."

त्यांनी पेनाचं टोपण काढलंही. पण तोवर अर्धं गाव भोवती जमलं होतं. अक्काच पुढे झाल्या. "नाना, वारा लहान लिहिला तं गावाच्या पत्र्यांचं काय? केळीचं काय?"

खरंच होतं. एका गावाला कागदावर एकच वारा. वारा लहान ठरला की मदतही लहान. नानांनी माझ्याकडे पाहिलं. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसांसमोर मी कुठल्या तोंडाने बोलणार होते? मी गप्प बसले, आणि त्याची टोचणी अजून आहे. नानांनी 'भीषण चक्रीवादळ' असं एकेक अक्षर सावकाश लिहिलं.

गावाला पत्रे मिळाले. ठेकेदाराला शाळेचं काम मिळालं.

निवृत्तीच्या आधी नाना नवी शाळा बघायला आले. सांधा खरवडला आणि तळहात माझ्यापुढे धरला. तीच रेती. मग किल्ली खिशात टाकली, माझ्या घरी चहाला आले आणि भिंतीकडे न बघता सरळ खुर्चीवर बसले. मला रडूच आलं. जाताना एवढंच म्हणाले, "वारा सुटना का पोरेसले अक्काना घर लई जा."

नाना गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. मी शाळेत होते तोवर धूळ उठली की सगळा वर्ग उठवून अक्कांच्या धाब्याखाली नेऊन बसवायची. एकदा दाराशी बसलेल्या एका मुलीने बाहेर डोकावून विचारलं, "बाई, वारा तं एवढुसाच आहे ना?"

"हो गं," मी म्हटलं, आणि तिला आत ओढून घेतलं.