दुसऱ्यांदा न विचारणारे यजमान

मित्रहो, जर्मन राष्ट्राला आग्रह ही विद्या अवगत नाही, याचा मी एरंडोलहून जाहीर निषेध नोंदवतो.

शिक्षणासाठी काही महिने तिकडे गेलेली आमची मुक्ता एका कुटुंबात राहते. त्यांनी वाढायला घेतलं, की ती रीतीप्रमाणे आधी "नको" म्हणायची. आपल्याकडे खरं वाढणं त्यानंतरच सुरू होतं. तिथे भांडं पुढे सरकायचं. आठवडाभर पोरगी अर्धपोटी झोपली.

आज फोनवर हसत म्हणाली, "बाबा, आता लगेच हो म्हणते. काल तर मागून घेतलं."

शेजारी बसलेली माझी आई म्हणाली, "भूक लागनी ते मांग ना माय, लाज कसानी?"

हायसं वाटलं. पण त्या आठवड्यात मी रोज विचारायचो, आणि ती मलाही "पोटभर जेवले" असंच सांगायची. यापुढे ती बरी आहे म्हणाली, तर खरं मानावं का, हे मला कळत नाही.