किल्ट आणि आजोबांचे गुडघे

तुमच्या आजोबांचे गुडघे तुम्ही कधी पाहिलेले नाहीत. तुमच्या बाबांनीही पाहिलेले नाहीत. इथे न्यू जर्सीत उन्हाळा आला की आजोबांच्या वयाचे सगळे गृहस्थ अर्ध्या चड्डीत अंगणातलं गवत कापतात. आजोबा मात्र फुल पँट आणि मोजे घालून कुंड्यांना पाणी घालतात. गणपतीत त्यांचं धोतर घोट्यापर्यंत असतं. तुमचे बाबा शाळेत असताना म्हणायचे, "आमचे बाबा फार सोवळे आहेत." तसं काही नाही. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर पांढरे डाग आहेत. कोड. हा शब्द आमच्या घरात मी आजवर मोठ्याने उच्चारलेला नाही, म्हणून इथे तो एकदा स्वच्छ लिहून ठेवते.

हे मी त्यांना विचारूनच लिहिते आहे. "सांग पोरांना," ते म्हणाले, "पण फोनवर विषय नको." तेव्हा तो काढू नका.

मला गोष्टी क्रमाने सांगायची सवय आहे. डाग उठले तेव्हा आम्ही पुण्यात होतो आणि तुमचे बाबा रांगत होते. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की हा संसर्ग नाही, यात दुखत-खुपत नाही, कातडीतला रंग जातो इतकंच. मला ते तिथल्या तिथे पटलं. आजोबांनाही पटलं, इंजिनियर माणूस. पण त्यांच्या मोठ्या बहिणीच्या हनुवटीवर असेच डाग होते. घरी पाहुणे यायचे असले की तिला मागच्या खोलीत बसवत. तिची कपबशी वेगळ्या फळीवर असे. तिने लग्न केलं नाही, असं सगळे म्हणत. खरं म्हणजे तिला कुणी विचारलंच नाही. त्या खोलीत चहा नेऊन द्यायचं काम आजोबांकडे असायचं. डॉक्टर कितीही समजावून सांगोत, ती खोली त्यांच्या डोळ्यांपुढून हलली नाही. मग आम्ही इकडे आलो आणि फुल पँट हा आमच्या घरचा नियम झाला.

आता लॉजचं सांगते. तुम्ही सगळे पुण्याला परत गेलात, त्यानंतरचा हिवाळा फार वाईट गेला. मला गाडी चालवता येत नाही आणि बर्फात आजोबा चालवत नाहीत. जवळच्या पार्सिपनी गावातल्या ओळखीच्या घरांमधून फोन यायचे, पण सगळे नोकऱ्यांमधले, तरुण. "काकू, या वीकेंडला नक्की भेटू हं," म्हणायचे आणि शनिवारी प्लॅन कॅन्सल व्हायचा. आजोबा दिवसभर टीव्हीसमोर बसून राहत. दाढी करणंही सोडलं होतं त्यांनी. मी स्वयंपाकघर पुसायची आणि पुसून झालं की पुन्हा पुसायची.

शेजारचे गृहस्थ तुम्हाला आठवत असतील, गणित शिकवून निवृत्त झालेले, मोठ्या पोटाचे आणि मोठ्या आवाजाचे. ते एका जुन्या बंधुसंघाचे सभासद आहेत. असे संघ इकडे गावोगावी असतात. पुरुषांचे असतात, शपथ घेऊन आत जायचं, दार लावून काही विधी करायचे, मग खाली येऊन जेवायचं आणि वर्षातून काही वेळा गरजूंसाठी पैसे उभे करायचे. त्यांच्या इमारतीला लॉज म्हणतात. शेजारी एका मंगळवारी आजोबांना उचलून घेऊनच गेले म्हणा ना. आजोबा परत आले ते जिन्यात शीळ घालत.

"काय करता हो तिथे दार लावून?" मी विचारलं.

"ते सांगायचं नसतं."

"जेवायला काय होतं?"

"बटाटा. हे सांगायला परवानगी आहे."

किती दिवसांनी त्यांनी थट्टा केली होती! पुढे रीतसर शपथ झाली आणि सगळे त्यांना "ब्रदर" म्हणू लागले. त्यांच्यासाठी बिनमांसाची डिश बनू लागली. मीही भजी तळून पाठवायला लागले. तिथे बायकांना वरच्या सभागृहात जाता येत नाही, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ माझा नवरा माणसांत होता, तेवढं मला पुरत होतं.

या लॉजमधल्या काही जणांचं एक पथक आहे. ते किल्ट घालून बॅगपाइपच्या, म्हणजे पिशवीत हवा भरून वाजवायच्या पाइपच्या, सुरावर मिरवणुकीत चालतात. किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, पण तिथे घागरा म्हणायचं नाही. एरवी त्या चौकड्या घराण्याच्या असतात. या संघाने मात्र स्वतःच्या चौकड्या विणून घेतल्या आहेत, गडद निळ्यावर हिरवा आणि मधून पिवळी रेघ. ते कापड बाहेरच्या माणसाला विकत मिळत नाही. अंगावर ते आलं की माणूस त्यांचा झाला.

वसंत ऋतूत एका मंगळवारी जेवण झाल्यावर शेजाऱ्यांनी खिशातून टेप काढली आणि सगळ्यांसमोर आजोबांच्या कमरेभोवती गुंडाळली. पथकाने वर्गणी काढून त्यांना किल्ट भेट द्यायचं ठरवलं होतं. टाळ्या पडल्या. आजोबांनी आभार मानले. घरी येऊन ते बूट न काढता खुर्चीत बसले.

"किती लांब असतो तो?" मी विचारलं.

"गुडघ्याच्या मध्यापर्यंत. खाली मोजे असतात, ते गुडघ्याच्या खाली संपतात." मग पँटवरून गुडघ्यांवर हात फिरवत म्हणाले, "म्हणजे नेमकं तेवढंच उघडं."

मी म्हटलं, "सांगून टाका की त्यांना. त्या सगळ्यांचे गुडघे तर पांढरेच आहेत!" मला वाटलं हसतील. ते उठून आत गेले.

मी उपाय शोधायला लागले. त्याच कापडाची तुमानही असते, असं मी वाचून काढलं आणि आजोबांना विचारायला लावलं. शेजारी म्हणाले, "तुमान थंडीत घालतात, ब्रदर, आणि कापड तर शिवायला गेलंसुद्धा." औषधांच्या दुकानातून मी कातडीच्या रंगाचे लांब मोजे आणले. आपल्या रंगाचे मिळालेच नाहीत. जे मिळाले ते घातल्यावर गुडघ्याला प्लास्टर घातल्यासारखं दिसलं. आजोबा म्हणाले, "मी लॉज सोडतो."

आणि त्यांनी जाणं बंद केलं. टीव्ही पुन्हा सुरू झाला. मंगळवारी शेजाऱ्यांची गाडी दारात थांबली की आजोबा झोपायच्या खोलीत जाऊन बसत आणि मी दारात जाऊन "ताप आहे" म्हणत असे. शेजारी तापावर म्हणून कोंबडीचं सूप घेऊन आले. मी त्यांच्यासमोर ते फ्रिजमध्ये ठेवलं आणि ते गेल्यावर ओतून दिलं. खिडकीतून आम्ही दिसू नये म्हणून पडदे ओढलेले असायचे. बाहेर चेरीला बहर आला होता आणि आम्ही दोघं ट्यूबलाइट लावून जेवत होतो.

एका सकाळी शेजारी खोका घेऊन थेट दिवाणखान्यात आले. "आलाय! ताप गेला असेल तर आत्ताच घालून बघ." आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मीच म्हटलं, "पँटवरूनच घालून बघा, मापापुरता." आत जाऊन आम्ही तो गुंडाळला. बाहेर आलो तर शेजारी सोफ्यावर मागे पडून हसायला लागले. आम्ही निऱ्या पुढे घेतल्या होत्या! आमच्या दोघांच्याही मनात शंका आली नव्हती, कारण निऱ्या दुसरीकडे कुठे असणार? किल्टच्या निऱ्या मागे असतात आणि पुढचा भाग सपाट, त्यावर चामड्याची पिशवी लोंबते. शेजाऱ्यांनी तो फिरवून दिला, पट्टे घट्ट केले, मागे सरून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "हँडसम, ब्रदर. मिरवणुकीला पँट मात्र घरी ठेवायची." इतक्या प्रेमाने कुणी बांधलं तर सुटायचं कसं?

त्या दुपारी मला कात आठवला, विड्यातला. कपड्यावर पडला तर निघत नाही, बोटांवर दिवसभर राहतो. आम्ही देशी दुकानातून कात आणला आणि मी तो वाटीत भिजवून एका गुडघ्यावर लावून पाहिला.

"गुडघ्याने पान खाल्लंय," आजोबा म्हणाले.

मग मी कात पातळ केला, त्यात चिमूटभर हळद घातली, वरून मेकअपच्या दुकानातलं आपल्या रंगाचं फाउंडेशन थापलं. आजोबा स्टुलावर बसायचे, मी खाली पाटावर. रंग जुळत आला तसे ते पुन्हा लॉजला जायला लागले. एकदा आरशासमोर गुडघे वळवून बघताना म्हणाले, "लग्नाच्या वेळचे वाटतात."

मिरवणूक जूनमध्ये होती. आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीतून गेलो. लॉजमध्ये कोट टांगायची एक खोली आहे, तिला आतून कडी नाही. मी दाराला खुर्ची लावली आणि शेवटचा हात फिरवला. बाहेरून कुणीतरी दार ठोठावत होतं, "ब्रदर, सगळे थांबलेत!" आजोबा कुजबुजले, "फुंकर घाल, फुंकर घाल." मी त्यांच्या गुडघ्यांवर फुंकर घालत होते आणि दाराबाहेर पाइप सूर लावत होते. त्या खोलीला खिडकी नाही.

मिरवणुकीत आजोबा दुसऱ्या रांगेत होते. लोकांनी झेंडे पाहिले, पाइपवाले पाहिले. मी फूटपाथवरून दोन गुडघ्यांबरोबर चालत होते. ऊन कडक होतं. वाटेतल्या चौकात दिवंगत सभासदांसाठी एक दगड आहे, तिथे पथकाने एक गुडघा टेकून मान खाली घालायची असते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सगळे टेकले, आजोबाही टेकले. उठले तेव्हा उजव्या गुडघ्यावरून घामाबरोबर तांबडी धार निघून पांढऱ्या मोज्यात उतरली होती.

"ब्रदरला लागलंय!"

रांग मोडली. त्यांना खुर्ची आली, पाणी आलं, औषधांची पेटी आली. आजोबा इंग्रजीत "काही नाही, काही नाही" म्हणत होते आणि दोन्ही तळव्यांनी गुडघा झाकत होते. शेजाऱ्यांनी त्यांचे हात हळूच बाजूला केले आणि ओल्या कापसाने रक्त पुसायला घेतलं. कात निघाला. खाली डाग होता, त्याच्या कडा चांगल्या स्पष्ट. भोवती माणसं उभी होती. मी गर्दीत शिरले, पण पोचले तेव्हा पुसून झालं होतं.

शेजाऱ्यांनी तांबड्या कापसाकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं. "लागलेलं नाहीये," ते म्हणाले, "चला." कुणी काही विचारलं नाही. पाइप पुन्हा सुरू झाले आणि आजोबा एक गुडघा गव्हाळ, एक पांढरा असे शेवटपर्यंत चालले.

"घरी जाऊ या," लॉजपाशी पोचताच ते मला म्हणाले. पण गाडी शेजाऱ्यांची होती आणि शेजारी बार्बेक्यूवर कणसं भाजत होते. जेवण संपेपर्यंत आम्ही लांबलचक टेबलाशी बसलो. आजोबांनी मांडीवर कागदी नॅपकिन पसरला होता, तो गुडघ्यांच्या खालपर्यंत ओढलेला. डावीउजवीकडे माणसं बेसबॉलचं बोलत होती, त्यांना कणीस देत होती, लोणी देत होती. कुणी खाली पाहिलं की आजोबांचा हात नॅपकिनवर जायचा. कुणी नाही पाहिलं तरी जायचा. घरी सोडताना शेजारी म्हणाले, "मंगळवारी सरावाला सात वाजता."

घरात आल्यावर ते म्हणाले, "एकानेही विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं का?"

"नको." मग पुन्हा, "पण एकानेही नाही."

मंगळवार आला. जातील की नाही हे मी दिवसभर विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी दाढी केली, किल्ट घातला, निऱ्या मागे घेतल्या आणि स्टूल ओढून बसले.

"कात भिजवलास का?"

"अहो, आता कशाला? सगळ्यांनी पाहिलंय."

"त्या दिवशी ते दिसलं. मी दाखवलं नव्हतं."

मी वाटीत कात घेतला, वर पाणी घातलं. तेव्हापासून प्रत्येक सरावाआधी हेच चालतं. त्यांना हौस नाही, मला हौस नाही, आणि ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना ठाऊक आहे. माझी पाठ दुखते वाकून. बाहेर हॉर्न वाजतो तेव्हा डावा गुडघा बहुतेक ओलाच असतो. आजोबा उठून खिडकीचा पडदा नीट ओढलेला आहे ना ते बघतात, परत बसतात आणि म्हणतात, "अजून एक हात फिरव."