कंसातला हशा

संसदेत सभापतींच्या आसनासमोर खालच्या बाजूला एक लांबट टेबल असतं. तिथे बसून सदस्यांचं बोलणं लघुलिपीत उतरवून घ्यायचं, हे तिचं काम. दहा मिनिटं लिहायचं, मग दुसरी येते, आपण वर जाऊन टाइप करायचं. सव्वीस वर्षं हेच. अंगाने हाडकुळी, आणि चूक दिसली की टोचल्याशिवाय राहायची नाही, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. भाषण अंगाशी आलं की सदस्य मागाहून येऊन गयावया करायचे, "बाई, तेवढा शब्द जरा मवाळ करा ना." ती म्हणायची, "मवाळ बोला साहेब, मवाळ लिहीन."

तिची ताई लहानशा गावात राहायची. निवृत्त शिक्षिका. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस व्हायचं, घरापासून चार पावलांवरच्या सरकारी रुग्णालयात. त्या वर्षीच्या खर्चकपातीत तो कक्ष बंद झाला आणि यंत्रं शहरात हलवली. बसने अडीच तास जायला, अडीच यायला. ताई फोनवर हसून सांगायची, "अगं, माझी खिडकी राखून ठेवतात आता. कंडक्टर माझा विद्यार्थी निघाला!" हळूहळू तीन खेपांच्या दोन झाल्या. टाचणीने तिला आपल्याकडे राहायला बोलावलं.

"आणि तुझ्या भाऊजींना कुणावर सोडू?" म्हणत ताईने विषय उडवून लावला. टाचणीनेही फार ताणून धरलं नाही. अधिवेशन तोंडावर आलं होतं.

महिन्याभरात ताई बसमध्येच गेली, खिडकीला डोकं टेकून. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर उठवायला गेला, तेव्हा कळलं.

पाच आठवड्यांनी सभागृहात आरोग्य खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा निघाली. टाचणीची पाळी सुरू होती. विरोधी बाकावरच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "एक निवृत्त शिक्षिका डायलिसिसला जाताना बसमध्ये मरण पावली. कक्ष बंद का केला, याचं उत्तर द्या."

मंत्री उठले. "कक्ष बंद केलेला नाही, एकत्रित केला आहे. आणि बसबद्दल तक्रार असेल तर परिवहन मंत्र्यांना गाठा. बस काही मी चालवत नाही!"

बाकं खदखदून हसली. टाचणीचा हात थांबला नाही. तिने कंस काढला, आत 'हशा' लिहिलं, कंस पुरा केला.

वर टाइप करताना तिचे वरिष्ठ, मुख्य प्रतिवेदक, तिच्या मागे येऊन उभे राहिले. ताईच्या अंत्यविधीला ते आले होते. हलकेच म्हणाले, "तो हशा गाळा हवं तर. कुणी विचारणार नाही."

"हसले ना सगळे?"

"हसले."

"मग राहू दे."

त्या पानावर 'शिक्षिका' हा शब्द मात्र तिच्याकडून तीनदा चुकला.

रविवारी ती छापील प्रत घेऊन भाऊजींकडे गेली. त्यांनी ओळीखाली बोट धरून वाचलं. बोट कंसापाशी अडलं.

"हे काय?"

"हसले ते."

"हिच्यावर?"

"नाही भाऊजी. मंत्र्यांच्या बोलण्यावर."

"तू तिथेच होतीस?"

"हो. पण आम्हाला तिथे बोलता येत नाही."

त्यांनी मान हलवली. मग चष्मा काढत म्हणाले, "तिथलं सोड. तिला घेऊन जायला हवं होतंस गं तू. थोडा हट्ट करायचास. मी राहिलो असतो एकटा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं.

खात्याच्या खर्चाच्या मागण्या चर्चेच्या दिवशीच आवाजी मतदानाने मंजूर झाल्या होत्या. कक्ष पुन्हा उघडला नाही. टाचणी निवृत्तीपर्यंत त्याच टेबलाशी लिहीत राहिली. फक्त आरोग्य खात्याची चर्चा असली की ती पाळी बदलून मागायची, आणि तिला कुणी कारण विचारत नसे.