त्र्यंबकरावांचा बिनचूक अहवाल

त्र्यंबकरावांना वकिली काही जमली नाही; कोर्ट कमिशनर होणं मात्र फक्कड जमलं. साक्षीदार कोर्टात येऊ शकत नसेल, तर कोर्ट एखाद्या वकिलाला त्याच्याकडे धाडून जबाब लिहून आणवतं. ते काम त्र्यंबकराव वर्षानुवर्षं करत होते. आपल्या अहवालात कधी दुरुस्ती झाली नाही, हे राजारामपुरीत ज्याला ऐकायचं नसेल त्यालाही ते थांबवून ऐकवत.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मुरगूडचा शमशुद्दीन शिकलगार बाजारातल्या मारामारीपायी परजिल्ह्यातल्या तुरुंगात होता. भाकरीत अळ्या निघतात, असा अर्ज त्यानं स्वतः लिहून वरच्या साहेबांना पाठवला. त्या रागानं जेलरनं त्याचा उजवा हात मोडला. सुऱ्या-कात्र्यांना धार लावून पोट भरणाऱ्याचा हात! त्यानं भरपाईचा दावा लावला. आता त्याचा जबाब मुदतीत कोर्टात पोचायला हवा होता; तो आणायला कोर्टानं त्र्यंबकरावांना नेमलं.

त्र्यंबकरावांना कसली घाई? आधी मेहुणीचं लग्न निघालं, मग पोट बिघडलं, मग अमावास्या आडवी आली. मुदत अगदी गळ्याशी आल्यावर स्वारी निघाली. तुरुंगात जाऊन बसली कुठं, तर ज्याच्यावर दावा त्याच जेलरच्या खोलीत, त्याचाच चहा फुरकत.

शमशुद्दीन न घाबरता सगळं बोलला. सहीच्या वेळी मात्र वाकडी बोटं टेबलावर ठेवून म्हणाला, "लिवाय येतंय साहेब, पर पेन धरवत न्हाय."

"म्हणजे येत नाही ना? मग झालं!"

एसटी चुकत होती. त्र्यंबकरावांनी सवयीचं वाक्य ठोकून दिलं: साक्षीदार निरक्षर असल्याने अंगठा घेतला. खाली 'वाचून दाखवले, कबूल' असंही लिहिलं. वाचलं मात्र अक्षर नाही.

जेलरच्या वकिलाला आयतंच फावलं. निरक्षर माणूस अर्ज लिहील कसा? अर्जच नाही, तर राग कसला आणि मार कसला? मूळ अर्ज तर तुरुंगाच्या दप्तरातून कधीच गायब झाला होता. शमशुद्दीनच्या वकिलानं त्याच्या बायकोला, ताजबीला, सांगितलं, "उद्या पुरावा बंद होतोय. कमिशनरनं आज दुरुस्ती दिली तरच दावा टिकेल."

ती तशीच राजारामपुरीत आली. त्र्यंबकराव पान लावत बसले होते. ती वाकडी बोटं त्यांना चांगली आठवत होती. पण चूक कबूल केली, तर लोकांना सांगायचं काय? फुशारकीखेरीज जवळ दुसरं होतं तरी काय बिचाऱ्यांच्या!

"बाई, माझ्या अहवालाला ठिगळ लागत नसतं."

"मालकांचा हात मोडलाय वकीलसाब," ताजबी म्हणाली. "तुमचा तर धड हाय की. एक ओळ लिवा."

"उद्या कोर्टात बघू," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते कोर्टाकडे फिरकलेच नाहीत.

पुरावा बंद झाला आणि दावा फेटाळला गेला. निकालात कमिशनरच्या अहवालाचा आधार घेतला होता. त्या निकालाची नक्कल त्र्यंबकरावांनी मुद्दाम मागवून घेतली. घरी कुणी आलं की ते ती काढत आणि तेवढीच ओळ वाचून दाखवत, खालून उजव्या हाताचं बोट फिरवत.