विमलाक्कांच्या विहिरीतले मासे

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. राजारामपुरीत एका बिल्डिंगच्या कामावर मी नवखी इंजिनिअर होते. शेजारी विमलाक्का राहायच्या — रिटायर झालेल्या नर्स, एकट्याच. साइटवर पाणी नव्हतं, तर त्यांनी आपण होऊन विहिरीचं दिलं. वर रोज दुपारी मला चहा. फार जीव लावला त्यांनी. विहिरीत मासे होते, त्यांच्या मालकांनी हयात असताना रंकाळ्यातून आणून सोडलेले. अक्का त्यांना भाकरीचा चुरा टाकायच्या — आणि त्यांच्याशी बोलायच्यासुद्धा.

मिक्सर धुतलेलं सिमेंटचं पाणी साठवायला मी कोपऱ्यात खड्डा काढून घेतला होता. पण विटा उतरवायला जागा कमी पडली, आणि मीच तो बुजवायला सांगितला. चार दिवसांचा तर प्रश्न, म्हटलं. ते पांढरं पाणी कुंपणाच्या कडेनं वाहताना मला दिसत होतं. उतार कुठं जातो, हे मला माहीत नव्हतं का? होतं की.

एका सकाळी अक्कांनी हाक मारली. मासे उलटे तरंगत होते. आदल्याच दिवशी त्यांनी विहिरीत जंतुनाशक पावडर टाकली होती. काठाला धरून त्या हळूच म्हणाल्या, “पावडर जास्त पडली व्हय गं? माझ्याच हातनं मेले ते?”

एक वाक्य पुरलं असतं. एकच.

“पडली असेल, अक्का,” मी म्हणाले.

त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या — आणि त्यांची समजूत मी घातली. मी.

विहिरीवर त्यांनी पत्रा टाकला. पुढं माझं नाव झालं. आजूबाजूचं पाणी, माती न नासवता काम करणारी बाई म्हणून. कुठल्याही साइटवर मिक्सर धुतलेल्या पाण्याचा खड्डा आधी, बाकी सगळं नंतर. लोक कौतुक करायचे. मी ऐकून घ्यायचे.

अक्कांकडे मात्र जात राहिले. त्यांच्या शेवटच्या आजारपणात भाची आली होती. तिला त्या सांगत होत्या, “जन्मभर औषधं मोजून दिली मी, आणि घरच्याच विहिरीत अंदाज चुकला बघ. ह्या पोरीनं सावरलं मला तवा.”

मी तिथंच होते, त्यांचे पाय चेपत. चेपत राहिले.