ताप नाहीये त्याला

पुस्तक माझ्याकडे वळवायचं, एका ओळीखाली अंगठ्याचं नख टेकवायचं आणि चष्म्यावरून बघत म्हणायचं, "बाय, हे त्यानं वाचायला हवं." अंकल आमच्या वाचनालयात आले की हे एकदा तरी व्हायचंच.

'त्यानं' म्हणजे त्यांच्या मुलानं. दारू मुलगा प्यायचा, आणि दारू सुटण्याची पुस्तकं वाचायचे हे.

आमचं वाचनालय माणिकपूरला, एका दवाखान्याच्या माडीवर. मी तिथली ग्रंथपाल. शब्द भारदस्त आहे, पण पंखा दुरुस्त करून घेण्यापासून वर्तमानपत्रावरची भांडणं सोडवण्यापर्यंत सगळं माझ्याकडेच असतं. एका सभासदाचा भाऊ दारूतून बाहेर पडला, तेव्हा त्या घरानं पुस्तकांचं एक खोकं आम्हाला देऊन टाकलं. दारू, गर्द, जुगार यांतून सुटलेल्यांचे अनुभव, डॉक्टरांनी लिहिलेली पुस्तकं, आणि थोडी घरच्यांसाठीची. म्हणजे ज्यांचा सगळा दिवस त्या एका माणसाकडे डोळे लावून जातो, त्यांच्यासाठी. मी ती आरोग्याच्या कपाटात, मधुमेहाच्या आहाराशेजारी लावली.

ही पुस्तकं लोक कशी नेतात ते तुम्ही बघायला हवं. वर पाककृती, खाली विणकाम आणि मध्ये ते पुस्तक. एक बाई तर घरून वर्तमानपत्राचं कव्हर घेऊन यायच्या आणि जिन्यातच चढवायच्या. शिक्का मारताना मी छताकडे बघायला शिकले होते.

अंकलचं तसं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी दारात उभे राहून त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "दारू सोडायची पुस्तकं कुठे ठेवलीत?" पेपर वाचणाऱ्यांनी पेपर खाली केले. तेव्हा ते आणखी मोठ्यानं म्हणाले, "माझ्यासाठी नाही."

सत्तरीकडे झुकलेले, कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली. राहायला नंदाखालला, घरामागे केळीची वाडी. सगळी नोकरी मुंबईच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून झालेली. महिन्यातून एकदा तरी सुकेळी आणायचे. वाळवलेली राजेळी केळी ती, गूळ झक मारतो त्यांच्यापुढे. देताना बजावायचे, "वाचताना खाऊ नकोस. पानं चिकटतील."

आता हाच माणूस पुस्तकात रेघा मारायचा! त्याही हातानं नव्हे, खिशातून छोटी स्टीलची पट्टी काढून. "अंकल, पुस्तक वाचनालयाचं आहे," मी चिडायचे. "म्हणून तर पेन्सिलनं मारतो," ते शांतपणे म्हणायचे. मग ते गेले की मी खोडरबर घेऊन बसायचे. खोडता खोडता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पिणारा कसा खोटं बोलतो, बाटली कुठे लपवतो, शपथा कशा घेतो, त्याखाली रेघाच रेघा. घरचे काय करतात हे जिथे आलं असेल, ती पानं कोरी.

मुलाबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. "चर्चच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा हो. लग्नाच्या वरातीत लोक नाचायचे थांबून त्याच्याकडे बघायचे." वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो मशीनवर होता. सकाळी त्याला उठता आलं नाही, तर कामावर अंकल फोन करायचे, "ताप आहे त्याला." संध्याकाळी ते बारबाहेर रिक्षा उभी करून थांबायचे. कोणी बघितलंच तर "शुगर लो झाली" म्हणून सांगायचे. हे सगळं ते मला अभिमानानं सांगत. "गावात कोणाला पत्ता नाही, बाय. आपण लागूच दिला नाही."

त्यांच्याच आळीतली एक बाई आमची सभासद होती. एकदा ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अंकलना बोलू नका हं, आम्हाला सगळ्यांना माहीत आहे ते. त्यांना वाईट वाटेल." इकडे अंकल गावापासून लपवत होते, आणि तिकडे सगळं गाव अंकलपासून लपवत होतं. मला हसू आलं, आणि मग दिवसभर उगाचच भरून येत राहिलं.

एका सोमवारी ते मोठ्या उत्साहात आले. म्हणाले, "बाय, उपाय सापडला."

त्यांच्या घरी रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना व्हायची. कितीही भांडण असो, पाहुणे असोत, सगळ्यांनी देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकायचे आणि माळ ओढायची. शेवटी बायबलमधला एक उतारा वाचायचा. मुलगा कितीही पिऊन आला तरी प्रार्थना चुकवत नसे, भिंतीला टेकून का होईना बसायचा. आणि प्रार्थना संपेपर्यंत उठायची त्या घरात कोणाची छाती नव्हती. अंकलनी नेमकं हेच हेरलं. शनिवारी बायबल बाजूला ठेवून त्यांनी आमच्या वाचनालयाचं पुस्तक उघडलं आणि दारूनं यकृताचं काय होतं तो अख्खा भाग, गुडघ्यांवर बसून, खणखणीत वाचला.

"मग?" मी विचारलं.

"मिसेसचे डोळे मिटलेले होते. माझं वाचून झालं तशी ती सवयीनं म्हणाली, आमेन."

मी तोंडावर रजिस्टर धरलं. अंकलनाही हसू फुटलं, पण अर्ध्यावरच विझलं. "तो उठला, दिव्याला हात जोडले आणि आत गेला. काल प्रार्थनेला आला नाही."

त्यानंतर तो प्रार्थनेला आलाच नाही. अंकलच्या जिवाला हे फार लागलं. पिण्यापेक्षाही जास्त. "लहान असताना तापात फणफणलेला असला तरी मांडीवर येऊन बसायचा," ते म्हणाले. "तेवढंच एक उरलं होतं. तेही मीच घालवलं की काय?"

मला राहवलं नाही. मी घरच्यांसाठीचं एक पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मुखपृष्ठ बघितलं, दोन पानं चाळली आणि परत सरकवलं. "हे बायकांचं आहे."

"बापांचंही आहे."

"आमच्या घरी आजारी एकच आहे, बाय."

पुढच्या खेपेला मी तेच ठेवलं, त्यांनी तेच म्हटलं. शेवटी मीही हट्टाला पेटले. त्यांच्या इतर पुस्तकांबरोबर तेही नोंदवलं आणि पिशवीत घालून दिलं. "मिसेसना द्या," मी म्हटलं. ते कुरकुरत गेले.

आँटींना मी तोवर पाहिलंही नव्हतं. पण त्यांनी ते पुस्तक वाचलं. कसं वाचलं, ते अंकल पंधरवड्यानं तावातावानं सांगायला आले तेव्हा कळलं.

"हे बघ, हे बघ काय केलंय!" पुस्तक त्यांनी माझ्या टेबलावर आपटलं. पानोपानी रेघा. पट्टी नाही, पेन्सिल नाही, निळ्या बॉलपेननं मारलेल्या वेड्यावाकड्या. मुलासाठी खोटं बोलणारा बाप, पिणाऱ्याला उठवणारा, निस्तरणारा, त्याच्या तोंडाचा वास घेत फिरणारा बाप, सगळ्याखाली.

"माझ्यासाठी मारल्यात त्या!" अंकल म्हणाले. "आणि काल रोझरी झाल्यावर तिनं बायबल बाजूला ठेवलं आणि यातलं वाचलं. मला! बायकोनं!"

"मग तुम्ही काय केलंत?"

ते खुर्चीत बसले. चष्मा काढून शर्टाला पुसला. "आम्ही दोघंच होतो, बाय. ती वाचून थांबली. कोणीतरी आमेन म्हणायला हवं होतं ना. मीच म्हटलं."

बॉलपेनच्या रेघा खोडरबरानं जात नाहीत. मी त्या पुस्तकाला हात लावला नाही. त्यांनी ते पुन्हा स्वतःच्या नावावर नोंदवून नेलं.

मग काही दिवस अंकल नुसतेच येऊन बसायचे. वाचायचे, थांबायचे, खिडकीबाहेर बघायचे. माझ्याकडे पुस्तक वळवणं बंद झालं होतं. एकदा मात्र म्हणाले, "यात लिहिलंय, त्याचं त्याला भोगू द्या. लिहिणाऱ्याला मुलगा असेल का गं?" मी चहा मागवला.

आणि एका दुपारी फोन वाजला. आमच्याकडे फोन बंद ठेवायचा नियम आहे, भिंतीवर पाटीही आहे. अंकल तो नियम पाळणारे. त्या दिवशी विसरले असावेत. अभ्यासाला बसलेली मुलं, पेपरवाले आजोबा, सगळ्यांनी माना वर केल्या. अंकल उठून बाहेर जायला निघाले, पण दोन पावलांवर थांबले. पलीकडून कारखान्याचा सुपरवायझर बोलत होता. शांत खोलीत त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अंकल, आज पण नाही आला तो. बीमार है क्या फिर से? ताप वगैरे?"

अंकलनी कपाटाचा कोपरा धरला.

"ताप नाहीये त्याला," ते म्हणाले. "प्यायलाय तो. घरी झोपलाय." पलीकडचा काहीतरी बोलला असावा. "नाही. मागच्या वेळीही ताप नव्हता. मी खोटं बोललो. यापुढे मला फोन करू नका साहेब, त्याच्याशीच बोला. तुम्हाला जे करायचं ते करा."

फोन खिशात ठेवायला त्यांना खिसा सापडेना. पेपरवाले आजोबा एरवी शिंकेवरसुद्धा तक्रार करणारे, पण त्यांनीच उठून पाण्याचा ग्लास आणून दिला. अंकल घोट घेत म्हणाले, "बाय, त्याची नोकरी घालवली मी." मी म्हटलं, "तुम्ही नाही, अंकल." हे म्हणायला मला काय जात होतं? मुलगा त्यांचा होता.

नोकरी गेलीच. मुलगा घरी खूप ओरडला. "डॅडी, तुम्हीच माझं नाव घालवलंत," म्हणाला, आणि कपडे भरून विरारला मित्राकडे निघून गेला. आधीचे अंकल असते तर रिक्षा घेऊन मागोमाग गेले असते. या वेळी गेले नाहीत. चर्चच्या हॉलमध्ये पिणाऱ्यांच्या घरच्यांची दर आठवड्याला बैठक भरते, तिथे ते आणि आँटी जाऊ लागले. अंकल वाळले होते. इस्त्रीचा शर्ट अंगावर हँगरला लावल्यासारखा दिसायचा. एकदा मला म्हणाले, "तो मेला तर हे पुस्तक लिहिणारा येणार आहे का मातीला?" आणि पुढच्या आठवड्याला परत बैठकीला गेले. मला त्यांचं हे फार मोठं वाटायचं. राग धरूनही जाणं.

पावसाळा उलटल्यावर मुलगा आपल्या पायांनी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. सुपरवायझरनं नाही, बापानं नाही, त्यानंच विरारहून फोन करून आईला कळवलं. बाहेर आला, एकदा घसरला, पुन्हा गेला, पुन्हा आला. गॅरेजमध्ये कामाला लागला. तोवर अंकलचं वाचनालयात येणं सुटलं होतं. सुरुवातीला मला राग आला. गरज सरली आणि आम्हाला विसरले, असं वाटलं. मग पुढच्या वर्षी नाताळच्या आधी आँटींचा निरोप आला, "अंकल जेवायला बोलावतायत."

अंकल गेल्या मार्चमध्ये गेले, झोपेत. मुलगा अजून गॅरेजमध्ये आहे आणि पीत नाही, असं आँटी सांगतात. आज आहे, उद्याचं माहीत नाही, असंही त्याच सांगतात. त्या जेवणानंतर अंकलची आणि माझी भेट झाली नाही. त्यामुळे मला आठवतात ते त्या संध्याकाळचे.

घराच्या ओट्यावर दिव्यांची माळ लावली होती. मुलगा गॅरेजमधून सहाला सुटायचा. आठ वाजत आले तरी त्याचा पत्ता नव्हता. आँटी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. माझंही लक्ष रस्त्याकडेच होतं. सणाचे दिवस, सगळीकडे पेले भरलेले, आणि एकदा घसरलेला मुलगा. अंकलचा फोन मेजावर त्यांच्या हाताजवळ होता. एकदा त्यांनी तो उचलला. अंगठा तसाच वर राहिला. मग फोन उपडा ठेवला आणि उठून हात धुवायला गेले.

आँटींनी तीन पानं घेतली. बोंबलाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. मी म्हटलं, "अंकल, थांबू या ना जरा. येईलच तो."

"इतकी वर्षं थांबायचेच," आँटी म्हणाल्या. "तो येईपर्यंत पाणीसुद्धा प्यायचे नाहीत."

"कुठे असेल?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"माहीत नाही," अंकल म्हणाले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला. "त्याचं झाकून ठेवलंय. तू जेव, बाय. मला भूक लागलीय."