माईकबाईंची भुंगी

बस डेपोच्या माईकच्या खोलीत एक टेबल होतं, आणि त्या टेबलाखाली एक मुलगी वाढली. वर तिची आई बसून गाड्या सांगायची. खाली आईच्या चपलांशेजारी ही बसायची आणि आईने सांगितलेली प्रत्येक गाडी तोंडातल्या तोंडात गुणगुणायची. त्या गुणगुणण्यावरून डेपोने तिचं नाव भुंगी ठेवलं. आज मोठमोठे डॉक्टर तिला मॅडम म्हणतात. बोलणारी, ऐकणारी, शिकणारी यंत्रं करणारी तिची कंपनी आहे आणि तिथे काम मिळावं म्हणून शिकलेली पोरं दुरून येतात. पण डेपोतला एखादा म्हातारा मेकॅनिक रस्त्यात भेटला, की तो अजून विचारतो, "काय भुंगे, आई कशी आहे?" आणि मॅडम थांबून सगळं सांगतात.

तिचे वडील त्याच डेपोत ड्रायव्हर होते, लांबच्या गाडीवर. आई डेपोभर माईकबाई म्हणून ओळखली जायची. ड्रायव्हर चहाच्या टपरीवर सांगायचे, "बायका नवऱ्याला घराबाहेर काढतात, ते निदान चार भिंतींच्या आत. आमची भोंग्यावरून काढते. वर पुन्हा सांगते, प्रवाशांनी सामान सांभाळावं म्हणून."

माईकबाईंना दोन आवाज होते. डेपोतला आवाज इस्त्री केलेल्या साडीसारखा, घडी न मोडलेला. घरातला जरा बसका, अर्धा नाकातला, शेवटचे शब्द गिळणारा. त्या आवाजात त्या नवऱ्याला "अहो" म्हणायच्या. त्यातला 'हो' आधी वर चढायचा आणि मग घाटातल्या वळणासारखा हळूच वाकायचा. पिशवी घेऊन खाली जायचं आहे, की नुसतं ऐकून घ्यायचं आहे, की आपण काहीतरी विसरलो आहोत, हे ड्रायव्हरना त्या वळणावरूनच कळायचं. पुढचं बोलायची फारशी गरज पडत नसे.

माईकचं बटण जुनं होतं. दाबलं की कधीकधी दाबलेलंच राहायचं. एका दुपारी गाडी लागल्याचं सांगून झालं आणि त्यानंतर सगळ्या फलाटांवर ऐकू आलं, "भुंगे, नाक पूस. फ्रॉकला नको, रुमालाला. आणि तुझे बाबा आले की सांग त्यांना, गाडी तिरकी लावली तर मी स्वतः येऊन सरळ करीन." डेपो पोट धरून हसला. त्या संध्याकाळी ड्रायव्हरनी एवढी मोठी गाडी फलाटाला अशी लावली, जशी दोरी धरून भिंत उभी करावी.

भुंगी जरा मोठी झाली आणि तिने भोंगा उघडला. मागच्या स्क्रूपासून आतल्या कागदी पडद्यापर्यंत सगळं जमिनीवर मांडलं. कंट्रोलर ओरडत आला, ड्रायव्हरनी हात उगारला. माईकबाई शांतपणे म्हणाल्या, "उघडलाय तिने, मग बंदही तीच करील. तुम्ही दोघं दारातून बाजूला व्हा, तिच्यावर सावली पडते." भुंगीने भोंगा जोडला. तो आधीपेक्षा स्वच्छ बोलू लागला. कंट्रोलरने त्या दिवसापासून तिला टेबलाखालून काढून खुर्ची दिली.

पुढे ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि एका कंपनीत लागली. तिथे कॉम्प्युटरला माणसाचं बोलणं समजायला शिकवत. सुट्टीला घरी आली तेव्हा ड्रायव्हरनी विचारलं, "शिकवता म्हणजे काय करता? छडी घेता का?"

"नाही हो बाबा. त्याला नियम सांगत नाही आम्ही. नुसतं ऐकवतो. हजारो माणसांचं बोलणं. ऐकून ऐकून तो स्वतःच गुणगुणायला लागतो. चुकतो, पुन्हा गुणगुणतो."

ड्रायव्हरनी मान डोलावली. मग म्हणाले, "म्हणजे तू त्याला टेबलाखाली बसवलंस."

भुंगीला हसू आलं. "हो," ती म्हणाली. "अगदी तेच केलं."

काही वर्षांनी तिने नोकरी सोडली. टायर दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतली आणि कॉलेजातल्या एका मित्राला सोबत घेतलं. त्याला सगळे दाढी म्हणत. खाली हातोडे, वर ही दोघं. पहिलं यंत्र त्यांनी ठरवलं ते स्वतःहून गाड्या सांगणारं. ड्रायव्हर भडकले. "शिकून हेच सुचलं? आईच्याच खुर्चीवर डोळा?"

माईकबाई निवृत्तीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खुर्ची जायचीच आहे. मग तिच्यावर माझाच आवाज बसू दे. परका कशाला?"

मग त्या रोज टायरच्या दुकानावर जिना चढून जाऊ लागल्या आणि माईकपुढे बसून गाड्या, फलाट, वेळा वाचू लागल्या. खाली हातोडा पडला की थांबायचं. थांबलं की भुंगीशी काहीबाही बोलायचं. रेकॉर्डिंग मात्र चालूच असे. भुंगीने तेव्हा एक नियम घालून दिला, की गाडीचं बोलणं तेवढं ठेवायचं आणि बाकी सगळं कापायचं. त्या कापलेल्याला भुंगी आणि दाढी भुसा म्हणत.

यंत्र चाललं. एका डेपोत लागलं, मग शेजारच्या, मग पार लांबच्या. ड्रायव्हर नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका अनोळखी डेपोत चहा पीत बसले होते. घरापासून दिवसभराच्या अंतरावर. आणि वरून भोंग्यातून त्यांची बायको बोलली. त्यांच्याच गाडीचं नाव घेतलं, फलाट सांगितला, सामान सांभाळायला सांगितलं. ड्रायव्हर कप हातात घेऊन उठून उभे राहिले. आजूबाजूच्या कुणी मानही वर केली नाही. लोक पिशव्या उचलत होते, पोरांना ओढत होते, आणि त्या गर्दीत एका माणसाच्या अंगावर काटा आला होता. आपण दोघांनी वाढवलेली पोर आपल्या आधी या गावात पोचली आणि आईला सोबत घेऊन आली, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. चहा तसाच राहिला.

खोली पुरेना तेव्हा कंपनीने एका मोठ्या इमारतीचा अख्खा मजला घेतला. काचेच्या भिंती, ओळीने बसलेली माणसं, थंडगार खोलीत रात्रंदिवस घुमणारी यंत्रं. ड्रायव्हर पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा चपला दाराबाहेर काढून आत गेले. कुणी हसलं नाही.

मग माईकबाईंचा घसा बसला आणि सुटेचना. डॉक्टरांनी तपासलं, चेहरा लांब केला आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचला. घर मात्र मुकं झालं. माईकबाई पाटीवर लिहू लागल्या, टाळी वाजवू लागल्या. टाळीला वळण नसतं. ड्रायव्हर दर वेळी दचकून विचारायचे, "काय? काय झालं?" आणि त्या पाटी शोधायच्या.

भुंगीने कंपनीतल्या सगळ्यांना एकत्र बोलावलं. "आजपासून आपण ज्यांचा आवाज गेला त्यांच्यासाठी काम करायचं," ती म्हणाली. "त्यांचा जुना आवाज मिळवायचा, यंत्राला ऐकवायचा, आणि ते लिहितील ते त्यांच्याच आवाजात बोलायचं." पैसे लावलेल्या मंडळींनी कपाळाला हात लावला. दाढीने फक्त विचारलं, "सुरुवात कुणापासून?" आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागला.

हातात मावेल अशी डबी तयार झाली. एका मोठ्या हॉस्पिटलाने आपल्या पेशंटांसाठी मागणी नोंदवली. पहिली डबी भुंगीने आईच्या हातात दिली. आईने अक्षरं दाबली. डबी बोलली, "अहो. जेवण तयार आहे."

आवाज माईकबाईंचाच होता. स्वच्छ, खणखणीत, शब्द न् शब्द सुटा. ड्रायव्हरच्या तोंडून निघून गेलं, "कुठल्या फलाटावर येऊ?"

बोलले आणि त्यांनी जीभ चावली. माईकबाईंनी डबी बंद केली. पाटी ओढली आणि लिहिलं, "ही मी नाही. ही डेपोतली बाई आहे." मग डबी कपाटात पांघरुणांच्या खाली ठेवून दिली.

भुंगीने तिथल्या तिथे हॉस्पिटलाला फोन करून काम थांबवलं. दाढी म्हणाला, "बाकीच्यांना चालेल गं. त्यांचे घरगुती आवाज आहेत आपल्याकडे, लग्नातले, वाढदिवसाचे. तुझ्याच आईचं सगळं भोंग्यावरचं."

"ज्या डबीला माझी आई हात लावत नाही, ती मी दुसऱ्याच्या आईला कुठल्या तोंडाने देऊ?"

तिने यंत्राला हळू बोलायला शिकवलं, हसरं बोलायला शिकवलं. प्रत्येक नवा आवाज आई ऐकायची आणि नम्रपणे मान हलवायची. ती नम्रता ड्रायव्हरना सहन होत नसे. आयुष्यात त्या बाईने घरात नम्रपणे नाही म्हटलं नव्हतं.

एका रविवारी तिघं जेवत होती.  ताटावरची शांतता मोडावी म्हणून ड्रायव्हरनी अडकलेल्या बटणाची गोष्ट काढली. माईकबाई हसल्या, खांदे हलले, आवाज नाही. भुंगीचा घास हातातच राहिला.

"बाबा, पुन्हा सांगा."

"काय, नाकाचं?"

"बटण अडकलं की घरातला आवाज बाहेर यायचा."

"यायचाच. सगळ्या डेपोला माहीत आहे."

"टायरच्या दुकानावर आमचं बटण चालूच होतं," भुंगी हळूच म्हणाली. "सगळे दिवस. घरातली आई त्यात होती. मीच कापायला सांगितली." ती खरकट्या हाताने फोनकडे धावली. "दाढी, भुसा आहे का रे? फेकला का?"

पलीकडून आवाज आला, "माझी बायको म्हणते, मी फाटके मोजेसुद्धा फेकत नाही. भुसा कशाला फेकीन?"

सकाळी ड्रायव्हर तिच्यासोबत ऑफिसात गेले. दाढीने तुकडे लावले. आधी हातोडा, मग खोकला, आणि मग काचेच्या त्या मजल्यावर माईकबाई घरातल्यासारख्या बोलू लागल्या. "पंखा कमी कर गं, मान धरली." "हे शेवटचं नीट नाही आलं, पुन्हा घेऊ." "तू जेवलीस का? खोटं बोलू नकोस, ओठ सुकलेत." "तुझे बाबा आले वाटतं जिन्यात. बघ, पाय कसे आपटतात." तुकड्यामागून तुकडा. ओळीने बसलेली माणसं हात थांबवून ऐकत होती. एवढी यंत्रं केली होती त्यांनी, पण कचऱ्यात टाकलेलं माणूस असं उठून बसताना कुणी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरनी भिंतीला टेकून डोळे मिटले. उघडले तर ती दिसणार नाही, म्हणून मिटलेलेच ठेवले.

भुशात एकदाही "अहो" नव्हतं. नवरा जिना चढून आत येईपर्यंत रेकॉर्डिंग बंद झालेलं असे, आणि तो खोलीत नसताना कोण कशाला म्हणेल? "ते यंत्राला स्वतःहूनच यायला हवं," भुंगी म्हणाली, आणि तिने यंत्राला भुसा ऐकवायला घेतला.

काम संपलं त्या दुपारी ती दाढीला घेऊन घरी आली. आई खिडकीपाशी बसली होती. "आई, एकदाच. आवडलं नाही तर पुन्हा नाव काढणार नाही." ड्रायव्हर नुकतेच बाजारातून आले होते, पिशवी खांद्यालाच होती. माईकबाईंनी डबीकडे पाहिलं, खिडकीतून खाली पाहिलं आणि सावकाश अक्षरं दाबली.

"अहो."

'हो' वर चढला आणि वाकला. ते वळण कुणी यंत्राला शिकवलं नव्हतं. ड्रायव्हर त्यासरशी "ओ" म्हणाले, सवयीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, आणि मग आपण कुणाला ओ दिली ते त्यांना कळलं. पिशवी खांद्यावरून घसरली. भुंगीने दाराची चौकट घट्ट धरली होती. माईकबाईंनी डबी कानाजवळ नेली, मग छातीजवळ, आणि पुन्हा अक्षरं दाबली.

"स्कूटर तिरकी लावलीत. जा, सरळ करून या."

ड्रायव्हर जिना उतरले. मागे भुंगी हॉस्पिटलाला फोनवर सांगत होती, "पाठवतोय आम्ही. हो, सगळ्या डब्या." बोलता बोलता नाक ओढत होती. खाली स्कूटर खरंच तिरकी होती. त्यांनी हँडल धरलं आणि तसेच उभे राहिले, कारण पुढचं काही दिसेना.

वरून खिडकीतून पुन्हा हाक आली, आणि अख्ख्या गल्लीने मान वर केली. आवाज मोठा करायचं बटण माईकबाईंना सापडलं होतं.